बोकडाचे कान मागणारे मांडवकर सर

मांडवकर सरांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते मटणाच्या दुकानात. त्याआधी महिनाभर आम्ही कॉलेजच्या एकाच स्टाफरूममध्ये बसत होतो, पण तिथे ते बघण्यासारखे वाटलेच नव्हते. रविवारची सकाळ होती, उस्मानभाईंच्या दुकानापुढे ही रांग, आणि माझ्यापुढे तिसऱ्या नंबरावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत स्टीलचा डबा आणि गळ्यात तुळशीची माळ असा पन्नाशी ओलांडलेला माणूस उभा. माळकरी मटणाच्या रांगेत म्हटल्यावर मागचेपुढचे सगळे लोक चाप आणि कलेजी विसरून त्यांच्याकडे बघायला लागले. नंबर आला तसे सर पुढे झाले आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाले, "कान आहेत?"

"किती देऊ?" उस्मानभाईंनी न दचकता विचारलं.

"सहा. डावे-उजवे कसलेही चालतील. पण आजचेच हवेत, केसांसकट, आणि फाटलेले नकोत."

मागून कोणीतरी म्हणालं, "सूप करत असतील." त्यावर दुसरा म्हणाला, "माळ घालून सूप पितात काय? करणी असंल, करणी." सरांनी वळून अत्यंत नम्रपणे सांगितलं, "बुरशीसाठी आहेत हो." एवढं बोलून ते डब्याचं झाकण लावून निघून गेले. त्यानंतर रांगेत जे तर्क लढवले गेले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

खरी गोष्ट अगदीच साधी होती. रत्नागिरी शहराबाहेरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, आमचं फार्मसी कॉलेज आहे. सर तिथे गोळ्या, मलमं, जेल कशी बनवतात ते शिकवायचे आणि त्याच विषयात पीएचडी करत होते. नायटा, गजकर्ण असल्या बुरशीच्या रोगांवरचं औषध चरबीच्या अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो, कणांत भरायचं, ते कण जेलमध्ये मिसळायचे आणि ते जेल साध्या क्रीमपेक्षा औषध कातडीत जास्त खोल पोचवतं का ते बघायचं, असा तो विषय. हे बघायला कातडं लागतं. माणसाचं कोणी देत नाही. बोकडाचा कान त्यातल्या त्यात जवळचा आणि उस्मानभाईंकडे रोज ताजा.

या पीएचडीवर सरांचं बरंच काही अडलं होतं. त्यांच्या दारावर 'विभागप्रमुख (प्रभारी)' अशी पाटी होती, आणि तो कंस अकरा वर्षं तिथे मुक्कामाला होता. पीएचडी झाली की कंस जाणार. विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली होती, तिसऱ्यांदा देणार नव्हतं. सर म्हणायचे, "माझं लग्न तेवढं कायम आहे. बाकी सगळं प्रभारी." देवरूखच्या आतल्या अंगाला त्यांचं गाव. त्या वाडीत आजवर कोणाच्या नावामागे डॉक्टर लागलं नव्हतं, आणि वाडीतले अर्धे पुरुष मुंबईत नोकरीला असल्यामुळे ही बातमी परळपासून विरारपर्यंत पोचलेली होती. दर गणपतीला गावी गेले की प्रत्येक घरी आरतीनंतर एकच प्रश्न, "झालास काय रं डॉक्टर?" सर म्हणायचे, त्यापेक्षा तोंडी परीक्षा बरी.

माळेबद्दल मी एकदा विचारलंच. ते म्हणाले, सुरुवातीला दुकानात शिरण्याआधी ते माळ काढून खिशात ठेवायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी उस्मानभाईंनी ओळखलं. म्हणाले, "सर, माळ राहू द्या गळ्यात. तुमी खायाला थोडेच नेताव? आमी पन दुकानात बसून अल्लाचा नाव घेतोच ना." तेव्हापासून माळ गळ्यातच राहिली, संकोच तेवढा गेला. उस्मानभाई त्यांच्यासाठी कान बाजूला काढून ठेवायला लागले. सर त्यांच्या मुलीला बारावीचं रसायनशास्त्र समजावून द्यायला लागले. मुलगी पास झाली तेव्हा उस्मानभाईंनी आनंदाच्या भरात आठ कान दिले.

सरांची नजर भयंकर होती. माणूस कुठे आणि कसा खाजवतो यावरून ते त्याचा सगळा इतिहास सांगायचे. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे चार-चार महिने नीट वाळत नाहीत, घाम बाराही महिने, जयगडला बंदरावर कामाला जाणारी माणसं दिवसभर जाड गणवेश आणि बंद बूट घालून असतात, मासळीवाल्या बायांचे हात सदा ओले. सरांचं ठरलेलं वाक्य होतं, "अर्धा जिल्हा खाजवतोय, आणि उरलेला अर्धा त्याचाच टॉवेल वापरतोय." लग्नात ते अक्षता टाकता टाकता नवरदेवाच्या मामाला विचारायचे, "किती दिवस झाले?" मामाला वाटायचं मुंबईहून येऊन किती दिवस झाले. तो म्हणायचा, "चार." सर म्हणायचे, "चार दिवसांत एवढा पसरत नाही."

त्यांचा खरा वैरी मात्र बुरशी नव्हती. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी एक ट्यूब होती. तिचं नाव ते कधी घेत नसत, नुसतं 'ती ट्यूब' म्हणत, गावाकडे बायका सापाचं नाव घेत नाहीत तसं. तिच्यात स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज जाते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशी निवांत पसरत राहते. एकदा कॉलेजच्या तपासणीसाठी समिती यायची होती म्हणून प्राचार्यांनी सगळ्यांची बैठक बोलावली. प्राचार्य गंभीरपणे शिस्तीवर बोलत होते आणि टेबलाखाली लाकडी पट्टीने मांडी खाजवत होते. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं, पण आम्ही संस्कारी माणसं. सर मात्र मध्येच म्हणाले, "सर, गोल आहे का? कडेने लाल आणि मधे बरं झाल्यासारखं?"

प्राचार्यांची पट्टी थांबली. "मांडवकर, बैठक झाल्यावर बोलू."

"ती ट्यूब लावताय ना? आजपासून बंद करा. बैठक लांबली तर पाठीवर जाईल."

प्राचार्यांनी ट्यूब बंद केली, चामडीच्या डॉक्टरांकडे गेले, महिना-दीड महिन्यात बरे झाले. सरांना मात्र त्यांनी कधी माफ केलं नाही. रोग बरा करणाऱ्यावर एवढा राग धरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

प्रयोगशाळेतला फ्रिज बिघडला की सर कानांचा डबा स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये ठेवायचे. डब्यावर चिकटपट्टी लावून स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असायचं, 'मांडवकर – कान'. आमच्या ग्रंथपाल बाईंना दुसऱ्याचे डबे उघडून वास घ्यायची सवय. त्यांना वाटलं, कान हा करंजीसारखा काहीतरी देवरूखकडचा पदार्थ असेल. त्यांनी झाकण उघडलं. नंतर दोन दिवस त्या रजेवर होत्या आणि त्यानंतर आयुष्यभर त्यांनी कोणाच्या डब्याला हात लावला नाही. सर म्हणाले, "बघ गो, माझ्या संशोधनाचा समाजाला उपयोग झाला की नाय?"

शिकवायचे मात्र फार सुरेख. औषध कातडीतून आत का जात नाही, हे पुस्तकात चार पानांत दिलंय. सर एका वाक्यात सांगायचे: कातडं म्हणजे कोकणी माणूस. बाहेरचा कोणी आला तर ओटीवर बसवील, गूळपाणी देईल, पावसापाण्याचं विचारील, पण माजघरात घेणार नाही. साधं क्रीम आयुष्यभर ओटीवरच बसून राहतं. "मग माजघरात जायचं कसं?" असं विचारून ते वर्गाकडे बघत आणि स्वतःच सांगत, "नात्यातल्या कोणाला तरी बरोबर घेऊन." कातडीच्या वरच्या थरात चरबी असते, आणि औषध चरबीच्याच बारीक बारीक कणांत लपवून नेलं की ते घरचंच कोणीतरी वाटतं. हे ऐकलेली मुलं परीक्षेत ओटी आणि माजघराच्या आकृत्या काढून यायची. बाहेरच्या परीक्षकाने एकदा शेरा मारला होता, 'घराचा नकाशा चांगला, औषध कुठे आहे?'

पहिली दोन वर्षं सरांनी साध्या क्रीमचे प्रयोग केले. काचेच्या सहा छोट्या भांड्यांवर कानाचं कातडं ताणून बसवायचं, वर औषध लावायचं, आणि तासातासाने किती औषध कुठवर पोचलं ते मोजायचं. आधी कानावरचे केस कातरीने आणि छोट्या मशीनने उतरवावे लागायचे, कातडीला ओरखडा न जाता. त्यात अख्खी सकाळ जायची. मग जेलची पाळी आली आणि काय सांगू, आकडे धो धो यायला लागले. क्रीमच्या दुप्पट नाही, चौपट. सर दिवसातून तीनदा ते आकडे मला दाखवायचे आणि दर वेळी पहिल्यांदाच दाखवतोय असा चेहरा करायचे. मीही दर वेळी पहिल्यांदाच बघत असल्यासारखी "अगंबाई!" म्हणायचे. प्रबंध लिहून झाला, टाईप झाला, सोनेरी अक्षरांत पाच प्रती बांधून आल्या. सोमवारी विद्यापीठात जाऊन द्यायच्या, मुदतही त्याच आठवड्यात संपत होती. गावच्या मुंबई मंडळाने शिमग्यात सत्कार ठरवला आणि घाई करून फ्लेक्सही छापला. त्यावर सरांच्या नावामागे ठसठशीत 'डॉ.' होतं.

त्या शुक्रवारी सर आंबावडीचा पुडा घेऊन उस्मानभाईंकडे निघाले आणि मला म्हणाले, "चल गो, आभार मानायला साक्षीदार हवा."

प्रबंध झाल्याचं ऐकून उस्मानभाई एवढे खूश झाले की त्यांनी हात धुऊन गिऱ्हाईक थांबवलं. "म्हंजे आमच्या कानांनी नाव काडला म्हनायचा! मेहनत पन तशीच केली हो सर मी. तुमी बोललाव ना, केस काढन्यात सकाळ जाते. तवापासून एक पन कान तसाच नाय दिला तुमाला."

"हो ना, मशीन फिरवून द्यायचात तुम्ही," सर म्हणाले.

"मशीन कसली? मुंडी-पाय साफ करतो तसा. पानी उकळत ठेवायचा, कान बुडवायचा, सुरीनं खरवडायचा. चट निघतात केस. कसा गुळगुळीत व्हायचा ना?"

मला एका क्षणात कळलं. सरांना तर त्याआधीच कळलं असणार. उकळत्या पाण्यात बुडवून खरवडलेल्या कातडीचा वरचा थर कसला उरतोय? माजघराचं दारच चौकटीसकट काढून ठेवलं होतं, जेल बापडं सरळ आत गेलं. क्रीमला मिळालं होतं शाबूत कातडं आणि जेलला उकडलेलं. सगळी तुलनाच खोटी.

सरांच्या हातातला पुडा तसाच होता. त्यांनी शांतपणे विचारलं, "कधीपासून, उस्मानभाई?"

"गनपतीच्या आधीपासून. का हो? काय चुकला काय?"

मला वाटलं आता सर काहीतरी बोलतील. मी तर बोलणारच होते. पण सरांनी पुडा उस्मानभाईंच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "नाय नाय. एवढी मेहनत माझ्यासाठी कोणी घेतली नव्हती. फक्त उद्यापासून परत केसांसकट द्या."

बाहेर आल्यावर ते स्कूटरजवळ किल्ली हातात घेऊन उभे राहिले. मी म्हणाले, "सर, सोमवारी देऊन टाका. कोणाला कळणार आहे? परीक्षक काय उस्मानभाईंच्या दुकानात येणार आहेत?" हे मी खरंच म्हणाले. मला त्या दारावरच्या कंसाचा राग होता, प्राचार्यांचा राग होता, आणि सरांच्या पाच सोनेरी प्रती मी स्वतः प्रेसमधून उचलून आणल्या होत्या.

सर म्हणाले, "उस्मानभाईंची चूक नाय गो. कान हातात घेतला की दिसत होतं मला. मशीन फिरवली तर खुंट राहतात, हा तर शहाळ्यातल्या मलईसारखा गुळगुळीत. मी बघितलं नाय, कारण आकडे चांगले येत होते." मग म्हणाले, "जयगडचा माणूस हे जेल लावेल तेव्हा त्याला काय आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढायचा?"

शनिवारी प्राचार्यांनीही त्यांना बोलावून समजावलं. तपासणी समितीपुढे एक पीएचडी वाढलेली त्यांना हवी होती. सर ऐकून घेऊन परत आले आणि ताज्या, न उकडलेल्या कानांवर जेल लावून बसले. रविवारीही आले. जेल क्रीमपेक्षा थोडं बरं निघालं, आणि ते थोडंसुद्धा नक्की सांगायचं तर सगळे प्रयोग पुन्हा करायला हवे होते. त्याला निदान वर्ष लागलं असतं. सोमवारी सर विद्यापीठात गेले नाहीत. दहाचा तास होता, तो घेतला. शुक्रवारी मुदत संपली आणि नोंदणी रद्द झाली.

शिमग्याला ते गावी मात्र गेले. मी म्हटलं, कशाला जाता, तब्येतीचं कारण सांगा. ते म्हणाले, "फ्लेक्स लागलाय. त्याच्याखाली कोणीतरी उभं राहायला नको?" हौसेने मीही गेले होते. देवाची पालखी बसते त्या सहाणेजवळ मांडव होता, मुंबईची मंडळी नव्या टी-शर्टात. सरांनी आधी स्वतः स्टुलावर चढून 'डॉ.'वर खाकी चिकटपट्टी लावली आणि मग माईक हातात घेऊन उकडलेल्या कानांची सगळी गोष्ट सांगितली, अगदी स्वतःच्या डोळेझाकीसकट. पोरं हसून हसून लोळली. एका म्हातारीने उभं राहून विचारलं, "आनि बोकडाचा उरलेला काय केलास रं?" मंडळाचे अध्यक्ष डोकं खाजवत पुढे आले. सरांनी सवयीने त्यांच्या डोक्याकडे निरखून बघितलं. अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, शाल-नारळ आनलाय. आता परत दादरला कोन नेनार? घ्या तुमीच." सत्कार झाला. लोकांनी टाळ्याही अशा वाजवल्या की जणू डॉक्टर न होण्याबद्दलच सत्कार ठेवला होता.

पण कॉलेजात टाळ्या नव्हत्या. जूनमध्ये बाहेरून एक पीएचडीवाला विभागप्रमुख आला, निम्म्या वयाचा. सरांची पाटी निघाली आणि टेबल खिडकीजवळून उचलून फ्रिजशेजारी आलं. सर विनोद करत राहिले, पण पूर्वी ते स्वतःच्या विनोदावर आधी हसायचे, ते बंद झालं. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं त्यांनी तशीच काढली. मला फार वाईट वाटायचं, आणि त्या दिवशी स्कूटरजवळ मी जे बोलले त्याची लाज वाटायची. ती मी त्यांच्यापाशी कधी बोलून दाखवली नाही.

निवृत्तीनंतर ते गावी जायचे होते, पण घराच्या छपराचं काम चालू होतं म्हणून काही महिने रत्नागिरीतच राहिले. त्याच सुमारास मी पीएचडीला नोंदणी केली. विषय तोच घेतला, बुरशीवरचं नॅनो जेल. सरांना सांगितलं तेव्हा ते नुसते "बरं" म्हणाले आणि उठून आत पाणी प्यायला गेले. पाणी प्यायला त्यांना बराच वेळ लागला.

माझ्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मी सकाळी सातला डबा घेऊन उस्मानभाईंकडे गेले. सर आधीच तिथे होते. दुकानाच्या आत, ठोकळ्याच्या बाजूला स्टुलावर बसलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात छोटी कातरी. उस्मानभाई गिऱ्हाईक सोडून समोर उकिडवे बसले होते आणि बोकडाचा कान दोन्ही हातांनी ताणून धरत होते. सर एकेक केस बघून कातरत होते. बाहेरची रांग ओरडत होती, कोणी "काय दाढी चाललीय काय?" म्हणत होतं. आतल्या दोघांना ते ऐकू येत नव्हतं.

"सर, तुम्ही कशाला? मी केलं असतं की," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. "तू मला म्हणालेलीस, कोणाला कळणार आहे. म्हणून तुझे कान मी स्वतः साफ केल्याशिवाय तुझ्या हातात देणार नाय. अजून चार राहिलेत, मागे उभी रहा."

पुढच्या आठवड्यात ते गावी गेले. पण पहिल्या प्रयोगाच्या त्या सकाळी मी डबा धरून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले, आणि चारही कान होईपर्यंत तिथून हलले नाही.